महाराष्ट्राची गाणी, एक मेची सकाळ आणि शाळेचा कर्णा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल संपत आला की माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. कुणाला मंडळाचा कार्यक्रम बसवायचा असतो, कुणाची मुलगी समूहगीतात असते, तर कुणाला गाडीत अचानक ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ लागलं म्हणून भरून आलेलं असतं. मी मुलांची समूहगीतं बसवते. त्यामुळे या गाण्यांचं गोड ऐकणं कमी आणि रगडून रगडून म्हणवून घेणं जास्त, असा माझा संबंध. उत्तरं त्याच बाजूने दिली आहेत.

महाराष्ट्राचं अधिकृत राज्यगीत कोणतं? ते कधीपासून?

‘जय जय महाराष्ट्र माझा, गर्जा महाराष्ट्र माझा’. गीत राजा बढे, संगीत श्रीनिवास खळे, आवाज शाहीर साबळे. राज्य मंत्रिमंडळाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्णय घेतला आणि १९ फेब्रुवारी २०२३ च्या शिवजयंतीपासून तो लागू झाला. मूळ गाण्यातली दोनच कडवी राज्यगीतात घेतली आहेत आणि त्याची लांबी १.४१ मिनिटांची ठरवली आहे.

पण आम्ही तर शाळेत हेच राज्यगीत म्हणून गायचो! २०२३ पर्यंत काय होतं मग?

कागदावर काहीच नव्हतं. लोकांनी मानलं म्हणून ते राज्यगीत होतं. राज्य १ मे १९६० ला झालं आणि गाणं त्या दिवसांपासून लोकांच्या तोंडी आहे, म्हणजे सरकारी शिक्का बसायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर दोन-तीन पिढ्या ते म्हणत शाळेतून बाहेरही पडल्या होत्या.

आठवणींचा आणखी एक गोंधळ इथे होतो. पुष्कळांच्या डोक्यात तीन वेगळी गाणी एकमेकांत मिसळलेली असतात: राजा बढ्यांचं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ आणि गोविंदाग्रजांचं, म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचं ‘मंगल देशा, पवित्र देशा, महाराष्ट्र देशा’. “राकट देशा, कणखर देशा” हे राज्यगीतातलं आहे असं छातीठोकपणे सांगणारे पालक मला दरवर्षी भेटतात. ते गडकऱ्यांचं आहे.

ही गाणी लिहिणारे होते कुठले?

हा प्रश्न खरं तर फारसं कुणी विचारत नाही, पण मला फार आवडतो म्हणून घुसडते आहे.

कोल्हटकर जन्मले नागपूरला, १८७१ साली. त्यांना गुरू मानणारे गडकरी जन्मले १८८५ साली गुजरातेत, नवसारीजवळच्या गणदेवीला, आणि वारले नागपूरजवळच्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. राजा बढे पुन्हा नागपूरचे, जन्म १९१२. आणि मराठी अभिमानगीत म्हणून २०१० पासून घरोघर गेलेलं ‘लाभले अम्हांस भाग्य’ ज्यांचं, ते सुरेश भट अमरावतीचे.

म्हणजे महाराष्ट्राच्या कौतुकाची सगळ्यात गाजलेली गाणी लिहिणाऱ्यांची नाळ सह्याद्रीच्या कुशीत पुरलेली नाही. कोल्हटकर आणि गडकरी हयात असताना नागपूर तर मुंबई प्रांतातही नव्हतं, ते मध्य प्रांतात. १९५६ पर्यंत पुण्याचा माणूस नागपूरला गेला तर तो कारभाराच्या भाषेत परराज्यात जायचा. ज्या महाराष्ट्राला हे कवी हाक मारत होते तो नकाशावर आलाच नव्हता. गडकरी गेल्यानंतर एकेचाळीस वर्षांनी तो आला.

मी स्वतः वर्धा नदीकाठच्या पुलगावची, त्यामुळे या गोष्टीचा मला जरा जास्तच अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तो बाजूला ठेवला तरी एक जाणवतं. घराच्या आतल्या माणसाला घराचं वर्णन करावंसं वाटत नाही. उंबऱ्याबाहेर किंवा उंबऱ्यावर उभा असलेला ते करतो. महाराष्ट्राला “सह्याद्रीच्या सख्या, जिवलगा” म्हणणाऱ्या गडकऱ्यांचं पहिलं लहानपण गुजरातेत गेलं होतं, हे लक्षात ठेवून ती ओळ पुन्हा म्हणून बघा.

राज्यगीतातल्या नद्या नेमक्या कुठल्या? मुलांनी विचारलं, मला सांगता आलं नाही.

रेवा म्हणजे नर्मदा. वरदा म्हणजे वर्धा. कृष्णा, कोयना आणि गोदावरी ओळखीच्याच. ‘भद्रा’ या शब्दावर मतं निघतात. कुणी ती वेगळी नदी धरतात, कुणी गोदावरीचं विशेषण. मी मुलांना विशेषण म्हणून सांगते, कारण चालीत तो शब्द गोदावरीलाच चिकटून येतो.

मजा नकाशा उघडल्यावर आहे. नर्मदा महाराष्ट्राला फक्त नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर कडेला शिवते, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत, आणि पुढे गुजरातेत जाते. राज्यातल्या बहुतेक माणसांनी ती राज्याच्या हद्दीत कधी पाहिलेली नसते. तरी पहिलं कडवं सुरू होतं तिच्या नावाने. पाठोपाठ येणारी वर्धा पूर्वेकडची. ती पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. कृष्णा-कोयना दक्षिणेकडच्या, त्यांचा संगम कऱ्हाडला, आणि त्या प्रीतिसंगमावरच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. एका ओळीत कवीने उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशी सगळी सीमा पाण्याने आखली आणि पुढच्या ओळीत ते सगळं पाणी मातीच्या घागरीत भरलं. १९५६ ते १९६० या काळात कोण आत, कोण बाहेर यावरून रस्त्यावर रक्त सांडलं होतं, हे माहीत असलं की ही घागर साधी राहत नाही.

मुलांना मी नकाशा देते आणि बोट फिरवायला सांगते. एकदा बोट फिरलं की त्या ओळीत ती अडखळत नाहीत. आणि हो, हल्ली दर वर्गात एखादी रेवा आणि एखादी वरदा असतेच. त्या दिवशी त्यांचा भाव वधारलेला असतो.

भीमथडीची तट्टं आणि यमुनेचं पाणी, हे काय प्रकरण आहे?

तट्टू म्हणजे बुटका, काटक घोडा. भीमथडी म्हणजे भीमा नदीकाठचा प्रदेश, आणि तिथले घोडे मराठा फौजांत नावाजलेले होते. दिसायला रुबाबदार नाहीत, पण थोड्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल पळणारे. या घोड्यांना यमुनेचं पाणी पाजा, म्हणजे थेट दिल्ली-आग्र्यापर्यंत धडक मारा.

आता गंमत बघा. ‘बहु असोत’मध्येही घोडे पाणी पितात!

“अटकेवरि जेथील तुरंगि जल पिणे
तेथ अडे काय जलाशय नदांविणे?”

तुरंग म्हणजे घोडा. ज्यांच्या घोड्यांनी अटकेला, सिंधू नदीवर, पाणी प्यायलं त्यांचं आपल्याकडे मोठे जलाशय नाहीत म्हणून काय अडलंय, असा कोल्हटकरांचा सवाल. संदर्भ १७५८ चा, राघोबादादांच्या उत्तरेतल्या मोहिमेचा. पुढे राजा बढ्यांनी घोड्यांना पाणी यमुनेवर पाजलं. कविता वेगळी, काळ वेगळा, पण पराक्रम मोजायचं माप तेच: आमचे घोडे कुठल्या नदीवर वाकले. दुष्काळी टापूतल्या लोकांनी विजयाची खूण म्हणून सोनंनाणं सोडून पाणी निवडावं, हे मला फार खरं वाटतं.

मुलं मात्र दरवर्षी ‘तुरंगि’चं ‘तुरुंगी’ करतात. एका मुलाने मला समजावून सांगितलं होतं की अटक झाली, मग तुरुंगात टाकलं आणि तिथे पाणी प्यायला दिलं. क्रम अगदी बिनचूक होता, मला हसावं की दाद द्यावी कळेना.

“दिल्लीचेही तख्त राखितो”: हे खरंच घडलं होतं की कवीची ऐट?

घडलं होतं. पानिपत १७६१ चं. त्यानंतर दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठ्यांनी दिल्ली घेतली आणि महादजी शिंद्यांच्या पुढाकाराने बादशहा शाह आलम १७७२ च्या सुरुवातीला आपल्या राजधानीत परतला. तख्त राखलं ते दुसऱ्याचं, ही त्यातली खोच. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि या ओळीला लोकांनी नवा अर्थ चिकटवला. तो अजून सुटलेला नाही. निवडणुकीच्या दिवसांत तर सगळेच पक्ष ही ओळ वापरतात.

सगळी गाणी नुसती पराक्रमाची. तलवारी, सिंह, गर्जना. मुलांना हेच शिकवायचं का?

तक्रार निम्मी बरोबर आहे. निम्मी अशासाठी, की आपण कार्यक्रमात तेवढंच जोरात म्हणतो. राज्यगीताच्या कवीने महाराष्ट्राला दारिद्र्याच्या उन्हात शिजवलाय आणि निढळाच्या घामाने भिजवलाय. लेण्यांच्या काळ्या दगडाला छाती म्हटलंय. ही कष्टकऱ्याची वर्णनं आहेत.

आणि गडकरी! “दगडांच्या देशा” म्हणून थांबलेच नाहीत ते:

“नाजुक देशा, कोमल देशा, फुलांच्याहि देशा
अंजन कांचन करवंदीच्या काटेरी देशा”

करवंदं एप्रिल-मेमध्ये पिकतात, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुमारास डोंगराजवळच्या कुठल्याही बाजारात पळसाच्या द्रोणात मिळतात. मी तालमीला करवंदं आणते. “कोंबडा की कोंबडी” खेळून झालं, ओठ जांभळे झाले, की “काटेरी देशा” पोरं अशी म्हणतात की सांगायची सोय नाही. कांचन दाखवायला कुठल्याही बागेत जाता येतं. अंजनाची फुलं दाखवायची असतील तर मात्र घाटमाथ्यावर जावं लागेल. पानगळीत उघड्या पडलेल्या कातळालगत त्या निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके बघितले की “पाषाणाच्या देही वरिसी तू हिरव्या वेषा” ही ओळ आपोआप आठवते.

राजा बढे आणि खळे यांनी अशी जोशाची गाणीच केली का?

अजिबात नाही, उलट हे त्यांचं अपवादात्मक काम म्हणावं लागेल. ‘चांदणे शिंपीत जाशी’ राजा बढ्यांचं. ‘श्रावणात घन निळा’ची चाल खळ्यांची. दोघेही हळुवार गाण्यातले, आणि गर्जना करायची वेळ आली तेव्हा गळा मिळाला शाहीराचा. साबळे वाईजवळच्या पसरणीचे, १९२३ चा जन्म, मूळ नाव कृष्णराव. लोकनाट्य, भारूड, गोंधळ यांत मुरलेला आवाज. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम त्यांचाच. पद्मश्री १९९८ मध्ये मिळाली आणि २०१५ मध्ये ते गेले.

दुसऱ्या कुणाच्या आवाजात हे गाणं पटतच नाही. हा माझा हट्ट आहे का?

थोडा हट्ट, थोडं खरं. नव्या ध्वनिमुद्रणांत वाद्यमेळ भरगच्च असतो आणि आवाज गोड, घासूनपुसून आलेला. साबळ्यांचा आवाज मोकळ्या मैदानात, लाउडस्पीकरशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जावा म्हणून घडलेला होता. “गर्जा” हा शब्द गोड आवाजात म्हणून बघा, विनंतीसारखा वाटतो.

हे गाणं लागलं की मला शाळेचं पटांगण दिसतं. असं का होतं?

साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत ऐकलेलं संगीत आठवणीत जास्त पक्कं बसतं, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. पण या गाण्याच्या बाबतीत त्याहून साधं कारण आहे. भावगीत आपण घरी, प्रवासात, कुठेही ऐकतो. हे गाणं बहुतेकांनी ठराविक दिवशी, ठराविक जागी आणि उभं राहून ऐकलं. १ मे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आदल्या रात्री खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, झेंड्याच्या गाठीतून न सुटणाऱ्या फुलांच्या पाकळ्या.

आणि १ मेला तर शाळेचा निकाल! आमच्याकडे झेंडावंदन झालं की लगेच वर्गात बसवून प्रगतिपुस्तकं वाटायचे. विदर्भातला मे, सकाळी सात वाजताच ऊन चटचटायला लागलेलं. मंडपवाल्याकडून आणलेला कर्णा कडुनिंबाला बांधलेला असायचा आणि त्यातून कॅसेट वाजायची. टेप जुनी, त्यामुळे गाणं सुरुवातीला जरासं ताणल्यासारखं निघायचं आणि मग वेग पकडायचं. आम्ही ओळीत उभे, लक्ष सगळं बाईंच्या हातातल्या प्रगतिपुस्तकांच्या गठ्ठ्याकडे. त्यातलं आपलं कुठलं, त्यावर लाल शाई किती, “वरच्या वर्गात घातले” हे वाक्य आहे की नाही. कर्ण्यातून “सह्याद्रीचा सिंह” गरजत असताना आमचा सिंह गणिताच्या मार्कांनी पार गळाठलेला. मला आजही ते गाणं ऐकलं की आधी पोटात गोळा येतो आणि अभिमान मागाहून येतो. माझ्या वयाच्या कित्येकांनी हेच सांगितलंय.

त्यामुळे तुम्हाला पटांगण दिसतं ते योग्यच आहे. गाण्यातला महाराष्ट्र आपण नंतर कधीतरी पाहिला. त्या वेळचा आपला महाराष्ट्र पटांगणाएवढाच होता.

लहानपणी आम्ही अर्थ न कळता, चुकीचे शब्द म्हणायचो. मुलांना आधी अर्थ सांगावा की आधी गाऊ द्यावं?

आधी गाऊ द्या. यावर शिक्षकांशी माझे वाद होतात, पण मत बदललेलं नाही. पहिल्याच दिवशी फळ्यावर शब्दार्थ लिहिले की गाण्याचा धडा होतो. आठ दिवस नुसतं कानावर पडू द्या, चुका करू द्या. मग नकाशा काढा, घोड्यांची गोष्ट सांगा. स्वतःच्या चुकीच्या शब्दावर हसून मूल जो अर्थ शिकतं तो विसरत नाही.

एवढंच बघा की कार्यक्रमाच्या दिवशी शब्द बरोबर असले पाहिजेत. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींत भयंकर चुका असतात. ‘नभा’चं ‘नभी’, ‘जवाब’चं ‘जबाब’.

‘बहु असोत’ मुलांना फार जड जातं. सोडून द्यावं का?

पाचवीच्या खाली सोडून द्या. कोल्हटकरांची भाषा संस्कृताच्या वळणाची आहे. “गगनभेदि गिरिविण अणु नच जिथे उणे” हे मोठ्यांनाही एका दमात लागत नाही. अर्थ साधा आहे: आभाळाला भिडणारे पर्वत नाहीत म्हणून आमच्याकडे कणभरही काही कमी नाही. पुढची ओळ तर फारच देखणी, “आकांक्षांपुढति जिथे गगन ठेंगणे”. नववी-दहावीच्या मुलांना मी हे गाणं मुद्दाम देते. त्याचा सूर मला तिन्हींत सगळ्यात प्रामाणिक वाटतो. दुसरे देश सुंदर असतील, श्रीमंत असतील, असू देत की. कवी आपल्याकडे काय काय नाही ते आधी सांगून टाकतो आणि मग म्हणतो, तरी प्रिय हाच. हिमालय नाही, गंगा नाही, राजवाडे नाहीत. वयात येणाऱ्या मुलांना हे भावतं.

‘माझी मैना गावावर राहिली’ हे महाराष्ट्राचं गाणं म्हणायचं का? ते तर विरहाचं आहे.

मी तर म्हणेन, सगळ्यात अस्सल. अण्णा भाऊ साठ्यांची ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरतोय, असं गाणं सुरू होतं. मुंबईची गर्दी, रस्ते, श्रीमंती आणि दैना हे सगळं त्यात येतं. आणि बघता बघता मैनेचा विरह बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या तुटलेल्या मुलखाचा विरह होतो. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावहून लहान वयात मुंबईला आलेले, त्यामुळे हे त्यांना कल्पनेने रचावं लागलं नाही. गिरणगावात वाढलेल्या माझ्या ओळखीच्या मंडळींना ‘गर्जा’पेक्षा हे गाणं लहानपणाचं वाटतं, कारण ते त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं.

मात्र ही छक्कड पूर्ण म्हणायची असेल तर मागे कोरस हवा आणि पुढे दमाचा गडी हवा. अर्धी म्हणून “वेळ कमी होता” असं सांगू नका. पहिला भाग ऐकवून दुसरा गाळला तर ते नुसतं विरहगीत उरतं.

ज्यात महाराष्ट्राचं नावही नाही अशी गाणी कार्यक्रमात चालतील का?

चालतील म्हणजे काय, पळतील. शान्ता शेळक्यांचं ‘मी डोलकर’ लागलं की कोकणातला माणूस जागेवर बसत नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या ऐकल्या की जळगावकडच्या माणसाला आजीची चूल आठवते. गदिमांची ‘झुकझुक अगीनगाडी’ तर मामाच्या गावाला जायचं साऱ्या महाराष्ट्राचं तिकीट होतं.

माझ्या लेखी यात पहिला मान भुलाबाईच्या गाण्यांचा. पश्चिम महाराष्ट्रात भोंडला किंवा हादगा, खानदेशात गुलाबाई, आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई मांडायचे, संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचं, गाणी म्हणायची, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळ वाजलं तर फुटाणे किंवा शेंगदाणे, थपथप वाजलं तर शिरा, आणि काहीच वाजलं नाही तर काकूंनी घट्ट वड्या कोंबून भरल्यात हे समजायचं. गाणी सगळी सासर-माहेरची, सासूच्या नावाने बोटं मोडणारी. महाराष्ट्राचा त्यात उल्लेख नाही. पण परदेशातल्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये भोंडला झाला की तिथल्या बायका रडतात त्या याच गाण्यांवर, राज्यगीतावर रडताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

आम्ही मराठी, पण वाढलो बडोद्याला (किंवा इंदूरला, बेळगावला). आमच्या राज्याचं गाणं कोणतं धरायचं?

ज्यावर तुम्हाला पटांगण दिसतं ते. बडोद्याच्या मराठी मुलाने कवी नर्मद यांचं ‘जय जय गरवी गुजरात’ म्हटलेलं असणार. ते १८७३ चं, म्हणजे आपल्या तिन्ही गाण्यांहून जुनं. त्यातही नद्या आहेत: तापी, नर्मदा, मही. गुजरात आणि महाराष्ट्र एकाच दिवशी वेगळे झाले, आणि दोघांच्या गाण्यांत नर्मदा सामाईक राहिली. छत्तीसगडचं राज्यगीत ‘अरपा पैरी के धार’ तर सुरूच नद्यांच्या नावांनी होतं. बेळगावची मराठी मुलं शाळेत कुवेंपूंचं ‘जय भारत जननिय तनुजाते’ शिकतात आणि घरी ‘गर्जा’ ऐकतात. तिथे गाण्यांनाही सीमावादाचा ताण आहे, ते मुलांवर लादू नये एवढंच माझं म्हणणं. दोन्ही पाठ असली तर बिघडत नाही.

गोव्याचं काय?

बा. भ. बोरकरांचं ‘माझ्या गोव्याच्या भूमीत’. बोरकर मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहीत, ही कविता मराठीतली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, आणि बोरकरही विलीनीकरणाच्या विरोधातच होते. तरी मराठी पाठ्यपुस्तकांतून ही कविता शिकलेल्या, गोवा न पाहिलेल्या कित्येक मुलांनी तिथले माड आधी या कवितेत पाहिले. एक मेच्या कार्यक्रमात मी ती घेत नाही. इतर वेळी जरूर घेते.

राज्यगीताला उभं राहावं लागतं का? नाही राहिलं तर गुन्हा?

राज्य सरकारच्या सूचनांप्रमाणे सावधान उभं राहून मान राखायचा. लहान मुलं, आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दिव्यांग यांना सूट आहे. शासकीय कार्यक्रमांत आणि शाळांच्या परिपाठात ते राष्ट्रगीताच्या जोडीने घ्यावं असंही सांगितलं आहे. राष्ट्रगीताचा मान अर्थातच वरचा. १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा राष्ट्रगीताला लागू आहे, राज्यगीताला नाही. तेव्हा शेजारचे आजोबा बसून राहिले तर त्यांच्याकडे डोळे वटारू नका.

मुलांच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला आणि लगेच कॉपीराइटचा दावा आला. राज्यगीतावर कसला दावा?

राज्यगीत झालं म्हणून हक्क संपत नाहीत. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, ती साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. राजा बढे १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांचे हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. खळे २०११ मध्ये गेले, चालीचा हिशेब त्यावरून. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, आणि व्हिडिओवर दावा येतो तो बहुधा मागे वाजवलेल्या ट्रॅकमुळे.

शाळेत विद्यार्थी आणि शिक्षकांनी पालकांसमोर गाणं सादर करायला कायद्यात मुभा आहे. तोच कार्यक्रम जगासमोर टाकला की ती मुभा तशीच लागू होत नाही. बिनघोर राहायचं असेल तर कोल्हटकर किंवा गडकऱ्यांचे शब्द घ्या. ते कधीच मुक्त झालेत. चाल मात्र स्वतःची लावा, आणि वाजवायला हार्मोनियम-तबला बसवा.

परदेशात वाढणाऱ्या मुलांना पहिलं कोणतं गाणं शिकवावं?

गडकऱ्यांच्या पहिल्या चार ओळी. शब्द सुटे आहेत, “देशा” दर वेळी परत येतो, त्यामुळे मराठी कच्चं असलेलं मूलही चौथ्या ओळीला सामील होतं. राज्यगीत दुसऱ्या वर्षी. आणि पहिल्याच वर्षी भोंडला, तो सोडायचा नाही.

समूहगीतासाठी पट्टी कोणती घ्यावी? शेवटी मुलांचे आवाज फाटतात.

ट्रॅक आधी निवडून मुलांना त्यावर चढवतात म्हणून फाटतात. सगळ्यात वर जाणारी जागा आधी गाऊन घ्या, मुलं आणि मुली दोघांकडून. ती जिथे ओरडल्याशिवाय लागते ती तुमची पट्टी, मग सुरुवात कितीही खाली आली तरी चालेल. मुलगे वयात येत असतील तर त्यांना खालच्या सप्तकात म्हणू द्या आणि “गर्जा”ला सगळ्यांना एकत्र आणा. लेझीम ठेवणार असाल तर ती गाणाऱ्यांच्या हातात देऊ नका, दम पुरत नाही. आणि माइक दोन ठेवा. एक असला की सगळी त्याच्याकडे सरकतात आणि ओळ मोडते.